नदीत सोडलेलं निर्माल्य समुद्रात जाऊन नेमकं होतं काय?

रावपुऱ्याची_सून
नमस्कार मंडळी. प्रश्न बाळबोध आहे, हसू नका.

आमच्याकडे बडोद्याला पाच दिवसांचा गणपती. मूर्ती नवलखीच्या कृत्रिम तलावात गेली, निर्माल्याची पिशवी मात्र घरीच राहिली. सासूबाई म्हणाल्या, काळ्या घोड्याच्या पुलावरून विश्वामित्री नदीत सोडून ये, वाहत्या पाण्याला दोष नसतो. मी चप्पल घातली आणि सातवीतले चिरंजीव दारात आडवे. "आई, विश्वामित्री ढाढरला मिळते आणि ढाढर खंभातच्या आखाताला. म्हणजे तू हे समुद्रात टाकतेयस. खाऱ्या पाण्यात ते कुजतं का?" मला उत्तर येईना. पिशवी तीन दिवस गच्चीत पडून आहे आणि आता वास मारायला लागलीय.

तर नदी जे काही पानं, फुलं, शेण, सांडपाणी वाहून नेते, त्याचं समुद्रात पोचल्यावर काय होतं? कुजतं, साठतं, की मासे खातात?

शेवउसळ_जादा_तरी
समुद्रापर्यंत जाऊ द्यायला विश्वामित्रीतल्या आमच्या मगरी तयार आहेत का, ते आधी विचारा.

मांजलपूरचा_बाब्या
माझ्या मते खाऱ्या पाण्यात कुजत नाही. लोणचं कशामुळे टिकतं? मिठामुळे. सुकट-बोंबील कशामुळे? मीठ आणि ऊन. समुद्र म्हणजे मोठी बरणीच झाली की. गोड्या पाण्यात कुजतं तेवढं खाऱ्यात कुजणार नाही, साधा हिशोब आहे.

बीकरबाई
बाब्या, बरणी छान आहे पण मीठ मोजून घाल. कैरीच्या लोणच्यात फोडींच्या वजनाच्या दहा-पंधरा टक्के मीठ पडतं, वर आंबटपणा, त्यावर तेलाचा थर. समुद्राच्या लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम, म्हणजे साडेतीन टक्के. नदीच्या मुखाशी पावसाळ्यात त्याहून बरंच कमी. तेवढ्याने काही टिकत नाही. नदीबरोबर आलेले गोड्या पाण्यातले जिवाणू त्या खारटपणाने गळपटतात हे खरं. पण समुद्राचे स्वतःचे तिथे पंगतीला बसलेलेच असतात. किनाऱ्याजवळच्या चमचाभर पाण्यात पन्नास लाखांच्या घरात!

आता सूनबाईंचा प्रश्न. "सेंद्रिय द्रव्य", म्हणजे जिवांपासून आलेलं हे सगळं, हा एकच पदार्थ नाही, हे आधी लक्षात घ्या. साखर, पिष्ट, प्रथिनं ही ताटातली श्रीखंड-पुरी, तासाभरात ते काही दिवसांत फस्त. पानाफुलांचा गर, म्हणजे सेल्युलोज वगैरे, त्याला आठवडे-महिने लागतात. सगळ्यात हट्टी ते लिग्निन, झाडाला ताठ उभं ठेवणारं.

लहानपणी पिंपळाचं पान पाण्यात भिजत घालून जाळी केलीये ना? गर कुजून जातो, शिरा राहतात. हिरवा भाग जिवाणूंनी आधी खाल्ला, आणि लिग्निनवाल्या शिरा "हे नंतर बघू" म्हणून ताटाच्या कडेला सारल्या. नदीतून समुद्रात येतं त्यात असं कडेला सारलेलं खूप असतं. मऊ मऊ ते वाटेतच संपलेलं असतं.

निवृत्त_अभियंता
बीकरबाईंनी "वाटेतच" म्हटलं त्यावरून आठवलं. मी आयुष्यभर सांडपाण्याची बीओडी मोजत आलो, म्हणजे पाण्यातली घाण खायला जिवाणूंना किती प्राणवायू लागतो ते. ही चाचणी जुन्या पद्धतीने पाच दिवसांची, २० अंशाला. पाचच का? आम्हाला शिकवताना सांगत, की इंग्लंडात सांडपाण्यावर शाही आयोग बसला होता, त्याचा १९१२ चा अहवाल प्रसिद्ध आहे. तिथल्या नद्या पाच दिवसांच्या आत समुद्राला मिळतात, म्हणून पाच दिवस. समुद्रात गेल्यावर काय होतं ते बघायचं काम आपलं नाही!

आपल्याकडे उष्ण हवा, म्हणून भारतीय पद्धतीत तीन दिवस, २७ अंश. तापमान दहा अंशांनी चढलं की कुजण्याचा वेग साधारण दुप्पट होतो.

आणि बाब्याभाऊ, मीठ कुजणं थांबवत नाही, पण एक गोष्ट करतं. खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. ३० अंशाला गोड्या पाण्यात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅम, समुद्राच्या पाण्यात सहाच्या जरा वर. खाणारे तेवढेच, हवा कमी.

मांजलपूरचा_बाब्या
बरं, बरणी मागे घेतो. पण मग सगळं कुजत असेल तर समुद्राच्या तळाशी चिखल काळा का असतो? काहीतरी साठतच असणार.

खाडीवाला
काळ्या चिखलाचं मी सांगतो, डोळ्यांनी बघितलंय.

आम्ही खंभातच्या आखाताकाठी कावी-कंबोईला स्तंभेश्वराला गेलो होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भरतीला देऊळ पाण्याखाली जातं, ओहोटीला वर येतं, रोज दोनदा. आम्ही दर्शन घेऊन पाणी चढायची वाट बघत किनाऱ्यावर बसलो. चिखल वरून अगदी आपल्या अंगणातल्या सारवणासारखा, बदामी रंगाचा, गुळगुळीत. मुलाने काठी खुपसली. वरचा थर बोटाच्या पेराइतकाही नसेल, खाली काजळासारखा काळा, आणि असा वास आला की सासऱ्यांनी डब्यातली अंडी तपासली. सौ. पाय घोट्यापर्यंत रुतवून दहा मिनिटं गंमत बघत उभ्या होत्या. घरी येऊन पाय धुतले तर चांदीची जोडवी काळी ठिक्कर.

शेवउसळ_जादा_तरी
जोडवी काळी पडल्यावर घरी काय झालं ते सविस्तर लिहा. विज्ञान नंतर.

खाडीवाला
चिंच लावून घासली. मी घासली. पुढचं विचारू नका.

बीकरबाई
खाडीवाले, तुमच्या घरच्या जोडव्यांनी फुकटात रासायनिक चाचणी करून दिली.

चिखलात वरच्या काही मिलिमीटरमध्येच प्राणवायू असतो. खाली तो संपतो, पण खाणारे थांबत नाहीत. प्राणवायू नाही तर नायट्रेट, ते संपलं तर मँगनीज आणि लोह, आणि मग सल्फेट. नदीत सल्फेट नावाला असतं, समुद्रात लिटरमागे २.७ ग्रॅम, म्हणजे कोठारच. सल्फेटवर जगणारे जिवाणू श्वासाबरोबर हायड्रोजन सल्फाइड सोडतात, तोच तो सडक्या अंड्यांचा वास. तो लोहाला भेटला की काळं आयर्न सल्फाइड, चांदीला भेटला की काळी जोडवी. म्हणून बाब्या, चिखल काळा दिसतो तो घाण साठली म्हणून नाही. आत जेवणं चालू आहेत, त्याची ती खूण. किनाऱ्याजवळच्या चिखलात जेवढं कुजतं त्यातलं निम्म्याच्या आसपास या सल्फेटवाल्यांच्या पदरात जातं, असं डेन्मार्ककडच्या खाड्यांच्या मोजण्यांतून १९८० च्या सुमारास पुढे आलं.

सल्फेटही संपलं की मिथेनवाले. गोड्या तळ्यात ते लवकर सुरू होतात, कारण सल्फेट मुळात नसतंच. समुद्रात त्यांना खोल जावं लागतं.

पावागडकर
एक मुद्दा राहिला. खारं पाणी हीच तुरटी आहे. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ गोळा होऊन खाली बसतो ना, तसं नदीचं चहासारखं पाणी समुद्रात शिरलं की मिठामुळे सगळं सेंद्रिय द्रव्य गोळा होतं आणि तळाशी जातं. कुजायला उरतंच काय? गाडलं जातं, संपला विषय.

बीकरबाई
तुरटीची उपमा माझी असती तर बरं झालं असतं, चोरणार आहे. पण "सगळं" हा शब्द काढा. मिठाने गोळा होतं ते मुख्यतः लोह, बारीक चिकणमाती आणि त्यांना चिकटलेली थोडी ह्युमिक द्रव्यं, म्हणजे कुजक्या पानांतून-मातीतून येणारी ती चहाच्या रंगाची. विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्यातला थोडाच भाग असा खाली बसतो, बाकीचं आरामात पुढे समुद्रात निघून जातं.

आणि "गाडलं" हाही शब्द जपून. खंभातच्या आखातात भावनगरच्या बाजूला उधाणाच्या भरती-ओहोटीत दहा मीटरच्या आसपास फरक पडतो. एवढं पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर करतं, तिथे चिखलाला कोण झोपू देतंय? ॲमेझॉनच्या मुखासमोरच्या असल्याच हलत्या चिखलाचा अभ्यास रॉबर्ट ॲलर यांनी केला. १९९८ साली त्यांनी लिहिलं, की हा चिखल म्हणजे गाडण्याची जागा नव्हे, भट्टी आहे. घुसळला की ताजा प्राणवायू मिळतो, लोह पुन्हा गंजून पुन्हा वापरायला तयार, वर समुद्रातलं ताजं शेवाळ मिसळतं, आणि जमिनीवरून आलेलं हट्टी द्रव्यही त्यात जळून जातं. आपल्या आखातातही असंच असावं असा माझा अंदाज, अंदाजच म्हणतेय.

उलट उदाहरण बंगालच्या उपसागराचं. गंगा-ब्रह्मपुत्रेचा गाळ इतक्या वेगाने येऊन पडतो की खालचं दाबलं जातं, हवा लागत नाही. २००७ च्या एका अभ्यासात असं निघालं, की हिमालयातून आलेला सेंद्रिय कार्बन तिथे बहुतांशी टिकून राहतो. पान दोन्हीकडे पानच आहे, ते कुठे जाऊन पडतं त्यावर सगळं.

जुनं_बडोदं
इथे समुद्राचा विषय निघालाय आणि बडोद्याच्या समुद्राचं कुणी नाव काढत नाही! पोरांना वाटतं बडोद्याला समुद्र नाही. अरे, द्वारका आणि ओखा, सगळं ओखामंडळ गायकवाडांच्या राज्यात होतं. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९०५-०६ च्या सुमारास, जेम्स हॉर्नेल या समुद्री जीवांच्या जाणकाराकडून तिथल्या किनाऱ्याची पाहणी करून घेतली होती. त्याचे अहवाल बडोदे सरकारसाठी १९०९ आणि १९१६ ला निघाले. शंख, शिंपले, मोती, काय काय मिळेल याचा हिशोब. महाराज न्यायमंदिर-ग्रंथालयापुरते थांबणारे नव्हते.

शेवउसळ_जादा_तरी
काका, कुठलाही धागा असो, तिसऱ्या पानावर महाराज येतातच. परवा कुकरच्या शिटीच्या धाग्यातही आले होते.

जुनं_बडोदं
येणारच. तुझ्या नळाला पाणी येतं ते आजव्याहून, तेही महाराजांनीच बांधलंय.

निवृत्त_अभियंता
त्या दोघांचं चालू दे. नदीच्या गोष्टीत माणसाची भर विसरू नये. बडोद्याच्या कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी पन्नासेक किलोमीटरच्या वाहिनीतून महीच्या मुखाशी नेतात, का, तर भरतीचं पाणी ते पसरवून टाकेल. पसरवणं आणि पचवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच आम्ही बैठकीत म्हणायचो आणि चहा यायचा.

व्यवस्थापक_मंडळ
मंडळी, सांडपाणी कुणामुळे यावर दुसरा धागा आहे. इथे कुजण्यावरच बोला. राजकारणाचे दोन प्रतिसाद उडवले आहेत.

अनिवासी_बडोदेकर
थंडीत कुडकुडत वाचतोय म्हणून एक थंड किस्सा. १९६८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या वुड्स होल या समुद्रविज्ञान संस्थेची 'ॲल्विन' ही छोटी पाणबुडी अटलांटिकमध्ये बुडाली. माणसं वेळेत बाहेर पडली, डबा आत राहिला. सँडविच, सफरचंदं, थर्मासात सूप. दहा महिन्यांनी १५४० मीटर खोलीवरून पाणबुडी वर काढली तर डबा जवळपास शाबूत! सफरचंद दिसायला ठीक, ब्रेड भिजलेला पण बुरशी नाही. वर आणून शीतकपाटात ठेवल्यावर मात्र काही आठवड्यांतच खराब झाला. त्यावरून शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं, की खोल, थंड, दाबाखालच्या पाण्यात जिवाणू फार सावकाश खातात.

तेव्हा मांजलपूरचे बाब्या, बरणी आहे, फक्त मिठाची नाही, थंडीची आहे आणि खूप खोल ठेवलेली आहे. खंभातच्या कोमट उथळ पाण्यात ती सोय नाही.

मांजलपूरचा_बाब्या
अर्धे मार्क मिळाले. घेतले.

पावागडकर
बीकरबाई, मग ते विरघळून पुढे गेलेलं, चहासारखं, त्याचं काय? ते तर कडेला सारलेलं, हट्टी. तेच समुद्रात साठत असणार.

बीकरबाई
हाच खरा पेच आहे, आणि तो विद्यार्थ्यांना सांगायला मला फार आवडायचं.

जगातल्या नद्या दरवर्षी समुद्रात सुमारे २५ कोटी टन विरघळलेला सेंद्रिय कार्बन ओततात. साऱ्या महासागरांत मिळून असा विरघळलेला कार्बन आहे सुमारे ६६० अब्ज टन. भागाकार करा: नुसत्या नद्यांनी ओतलेलं काहीच कुजलं नसतं, तर तीन हजार वर्षांच्या आतच ही सगळी टाकी भरली असती. खोल समुद्रातल्या या द्रव्याचं कार्बन-१४ ने काढलेलं वय निघतं चार ते सहा हजार वर्षं. म्हणजे वाटतं, बरोबर आहे, हा सगळा नद्यांचाच जुना माल. पण तपासलं तर त्यात जमिनीच्या झाडांची खूण, लिग्निन, जेमतेम सापडते. मग नद्यांचं एवढं हट्टी द्रव्य गेलं कुठे? हेजेस, केइल आणि बेनर या तिघांनी १९९७ साली हा प्रश्न रोखठोक विचारला.

उत्तराचे तुकडे मिळाले आहेत. एक, ऊन. लिग्निनची वलयं सूर्यप्रकाशात तुटतात, चहाचा रंग उडतो, आणि उरलेले तुकडे जिवाणूंना खाता येतात. जिवाणूंनी कडेला सारलेलं ऊन चिरून देतं. पण खंभातच्या गढूळ पाण्यात ऊन वीतभरही आत जात नाही, तेव्हा ते काम गाळ खाली बसल्यावर, बाहेर निवळ पाण्यात. दोन, सोबत. समुद्रात शेवाळाची ताजी साखर मिळाली की जिवाणूंना जोर येतो आणि ते हट्टी द्रव्यालाही हात घालतात, असं काहींना दिसलं, काहींना नाही, भांडणं चालू आहेत. तीन, नवे खाणारे. नदीत ज्याला गिऱ्हाईक नव्हतं त्याला समुद्रात मिळतं.

मोजणीतली एक गंमतही सांगते, खास आपल्याकडची. माल जमिनीचा की समुद्राचा हे कार्बन-१३ वरून, म्हणजे कार्बनच्या जरा जड प्रकाराच्या प्रमाणावरून ओळखतात; ठरलेल्या नमुन्यापेक्षा ते हजारात किती कमी, तो आकडा. भात, झाडंझुडपं यांचा आकडा उणे २७ च्या आसपास, समुद्री शेवाळाचा उणे २० च्या आसपास. पण ज्वारी, बाजरी, मका, ऊस यांचा येतो उणे १२ च्या जवळ. आता भाताचा पेंढा आणि ज्वारीचा कडबा अर्धा-अर्धा मिसळून महीतून गेला, तर आकडा निघतो थेट समुद्रासारखा! नुसता तोच आकडा धरून बसलात तर गुजरातच्या शेतातला कडबा शेवाळ म्हणून खपतो.

खाडीवाला
कडबा शेवाळ म्हणून खपतो 😀 आमच्याकडे एकाने पामतेल तूप म्हणून खपवलं होतं, त्यातलाच प्रकार.

लाकडाचं मात्र माझ्याकडून. खाडीत रुतलेली होडीची फळी उपटून बघा, वरून अखंड, आतून चाळणी. ते काम किड्याचं नाही, शिंपल्यांच्याच कुळातला अळीसारखा प्राणी आहे, तोंडाशी दोन बारकी शिंपलं. लाकूड किसून खातो आणि ते पचवायला लागणारे जिवाणू कल्ल्यांत पाळतो.

अनिवासी_बडोदेकर
मासेमारांकडून ऐकलं होतं की कोकण-गोव्याच्या किनाऱ्याला पावसाळा सरता सरता तळाचं पाणी गुदमरतं. ते नद्यांच्या घाणीमुळे ना?

निवृत्त_अभियंता
पूर्ण नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००० साली ते मांडलं होतं. पावसाळी वाऱ्यांमुळे खालचं, आधीच प्राणवायू कमी असलेलं पाणी उथळ किनाऱ्यावर चढतं, वर पावसाच्या गोड्या पाण्याचं झाकण बसतं, हवा खाली उतरत नाही. मरून खाली पडणारं शेवाळ कुजायला उरलासुरला प्राणवायू खातं. त्यात कुजतं ते बरंचसं समुद्रातच तयार झालेलं. नदीचा हात असतो तो खतातून आलेल्या नायट्रेटचा, त्याने शेवाळ वाढतं.

रावपुऱ्याची_सून
बापरे, मी दोन दिवस आले नाही तर ॲमेझॉनपर्यंत पोचलात! सगळं वाचलं, चिरंजिवांना वाचून दाखवलं. पण माझ्या पिशवीचं काय? सासूबाई अजून विचारतायत.

निवृत्त_अभियंता
सूनबाई, पिशवीचा हिशोब देतो. समजा तीन किलो झेंडू, दूर्वा, पत्री. त्यातलं ऐंशी-पंच्याऐंशी टक्के पाणीच, कोरडा माल अर्धा किलो. तो पूर्ण कुजायला साधारण तेवढाच, जरासा जास्त, प्राणवायू लागतो. नदीच्या लिटरभर पाण्यात साडेसात मिलिग्रॅम. म्हणजे तुमची एक पिशवी सुमारे सत्तर हजार लिटर पाण्याचा प्राणवायू संपवू शकते. दहा हजारी टँकर, सात.

समुद्राला सात टँकर म्हणजे काहीच नाही. पण झेंडूच्या पाकळ्या समुद्र बघणारच नाहीत. त्या कमाटीबागेच्या मागे जिथे पाणी संथ आहे तिथेच आठवडाभरात कुजतील. नदी पुरात असेल तरच काही पुढे जातं, आणि २०२४ च्या ऑगस्टात पूर आला तेव्हा नदीनेच सगळं आपल्या अंगणात परत आणून टाकलं होतं. समुद्र काय पचवतो हा प्रश्न उत्तम आहे, पण तुमची पिशवी विश्वामित्रीच्या वाट्याची आहे.

शेवउसळ_जादा_तरी
काका, माझ्या घरी चार पिशव्या आहेत. अठ्ठावीस टँकर. आता झोप कशी लागायची?

बीकरबाई
पिशवीतला दोरा आणि थर्माकोल आधी काढा, ते ना नदी पचवत ना समुद्र. नारळाची शेंडी वेगळी ठेवा. काथ्यात लिग्निन भरपूर, तो फुलांबरोबर कुजत नाही, कुंडीच्या तळाला घाला. बाकी सगळं सोसायटीच्या खताच्या पिंपात, कोरडी पानं मिसळून. गच्चीवरचा वास म्हणजे आत हवा संपल्याची खूण, खाडीवाल्यांच्या चिखलातलीच तऱ्हा. उलथापालथ करा, जाईल.

रावपुऱ्याची_सून
केलं. सासूबाईंनी आधी पिंपाला हळदकुंकू वाहिलं, मग झाकण लावलं. मिटलं.

पण चिरंजीव ऐकत नाहीत. त्यांनी दोन बरण्यांत पिंपळाची पानं घातली आहेत, एकीत नळाचं पाणी, दुसरीत तेच पाणी आणि लिटरला ३५ ग्रॅम मीठ, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून. दहा दिवस झाले. साध्या पाण्यातलं पान बुळबुळीत झालंय, मिठातलं अजून तसंच आहे. म्हणतो, बाब्याकाका बरोबर होते.

मांजलपूरचा_बाब्या
पोराला माझ्याकडून लीलो चिवडा.

बीकरबाई
चिवडा थांबवा! त्याने मीठ घातलं, समुद्र नाही घातला. नळाच्या पाण्यात समुद्राचे जिवाणू कुठून येणार? खाणाऱ्यांना बोलावलंच नाही आणि ताट तसंच राहिलं म्हणतोय. तिसरी बरणी हवी, खऱ्या खाडीच्या पाण्याची, तळाशी चमचाभर चिखल.

रावपुऱ्याची_सून
हे त्याला दाखवलं आणि पस्तावले. रविवारी कावी-कंबोईला जायचं ठरलंय. सासूबाईही येतायत, दर्शनाला.

खाडीवाला
ओहोटीची वेळ बघून निघा, आदल्या दिवशी तिथी बघा. बाटली रुंद तोंडाची न्या. आणि ताई, जोडवी घरी काढून ठेवा.